डॉ. ओटो मायरहोफ : देहातील अग्नीचा शोध घेणारा यहुदी शास्त्रज्ञ

कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. ते तेल दिव्यात जळले की उजेड पडे. तेच तेल जेवणातून पोटात गेले की माणसास काम करण्याची ताकद येई. दिव्यातील ज्योत डोळ्यांना दिसते, पण देहात तर कोठे ज्वाला दिसत नाही. मग खाल्लेल्या अन्नाची शक्ती होते तरी कशी? या एका प्रश्नासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले आणि अखेरची अकरा वर्षे अमेरिकेत निर्वासित म्हणून काढली, त्या डॉ. ओटो मायरहोफ यांचा परिचय आम्ही या अंकी करून देत आहोत.

मायरहोफ यांचा जन्म १२ एप्रिल १८८४ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावे लागले. त्या दिवसांत वाचनाची, काव्याची व तत्त्वज्ञानाची जी गोडी लागली ती जन्मभर टिकली. पुढे प्रकृती सुधारावी म्हणून त्यांना मिसर देशी पाठविण्यात आले. १९०९ साली हायडेलबर्ग येथे ते डॉक्टर झाले. त्यांचा ओढा प्रथम मानसोपचाराकडे होता; परंतु तेथेच ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाचा सहवास लाभला आणि मायरहोफ पेशींच्या अभ्यासाकडे वळले.

कील विद्यापीठात त्यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. प्राणवायू न देता स्नायूस काम करावयास लावले, तर त्यात साठविलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कमी होते आणि तेवढ्याच प्रमाणात लॅक्टिक आम्ल तयार होते. नंतर प्राणवायू दिला की हे आम्ल नाहीसे होते. ते सर्व जळून जात असेल, असे कोणासही वाटेल. मायरहोफ यांनी काटेकोर मोजमाप केले, तेव्हा निराळेच आढळले. आम्लाचा सुमारे चौथा-पाचवा हिस्सा जळतो आणि त्यातून निघालेल्या शक्तीवर उरलेल्या आम्लाचे पुन्हा ग्लायकोजेन बनते. थोडे खर्चून बाकीचे राखावे, हा काटकसरी गृहिणीचा संसार देहात अखंड चालू असतो. या शोधाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्यासह मिळाले. मनुष्यदेहात ही पुनर्रचना मुख्यतः यकृतात होते, हे पुढे अमेरिकेत कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने दाखविले. गर्टीबाई प्राग येथील यहुदी घराण्यातील होत्या.

१९२९ मध्ये मायरहोफ यांच्याच प्रयोगशाळेत कार्ल लोमान यांना स्नायूत एटीपी नावाचा पदार्थ सापडला. त्याच वर्षी बोस्टन येथे हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के आणि आपल्या भारताचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तोच पदार्थ शोधून काढला. मोठी नोट घेऊन भाजीबाजारात गेल्यास मोड करून घ्यावी लागते, तसेच हे आहे. साखर ही नोट, तर एटीपी ही मोड. पेशीचे प्रत्येक काम या मोडीवरच चालते.

१९३० साली मात्र एक कसोटीचा प्रसंग आला. लॅक्टिक आम्ल तयार झाल्यामुळेच स्नायू आकुंचन पावतो, असे हिल व मायरहोफ मानीत. डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी आम्ल तयार होऊ न देताही स्नायू काम करतो, हे सिद्ध केले. नोबेल विजेत्याने हट्ट धरला असता तर नवल नव्हते. पण मायरहोफ यांनी पुरावा मान्य करून आपले संशोधन नव्या वाटेस लावले. साखरेचे पायरीपायरीने विघटन कसे होते हे त्यांनी, एम्बडेन, पार्नास व इतरांनी मिळून उलगडले. आज ती मालिका एम्बडेन-मायरहोफ मार्ग म्हणून ओळखली जाते. प्राणवायूवाचून या मार्गाने साखरेच्या एका रेणूपासून एटीपीचे दोन रेणू पदरी पडतात. पुढे प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण ज्वलन झाल्यास सुमारे तीस. रक्तातील तांबड्या पेशी तर केवळ याच मार्गावर जगतात. दरफाळणीच्या सणाला आपण उपास करतो, तेव्हा यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडून या पेशींना व मेंदूला पुरविते.

हे काम हायडेलबर्ग येथे रंगात आले असतानाच नाझींचे राज्य आले. काही वर्षे कशीबशी काढून १९३८ साली मायरहोफ यांनी देश सोडला. पॅरिसमध्ये बॅरन एडमंड द रॉथशील्ड यांनी स्थापिलेल्या संशोधन संस्थेत त्यांना आसरा मिळाला. पण जून १९४० मध्ये पॅरिसही जर्मनांच्या हाती पडले. पुन्हा पळ काढावा लागला. व्हेरियन फ्राय या अमेरिकन गृहस्थाच्या बचाव समितीच्या मदतीने ते फ्रान्समधून निसटले आणि स्पेनमार्गे ऑक्टोबर १९४० मध्ये अमेरिकेस पोहोचले.

तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांच्यासाठी संशोधक प्राध्यापकाची जागा निर्माण केली. एके काळी मोठ्या संस्थेचे संचालक असलेल्या या माणसाने परक्या भाषेत, परक्या शहरी पुन्हा कामास हात घातला. उन्हाळ्यात ते वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत जात. १९४४ साली हृदयविकाराचा तीव्र झटका आला, तरी बरे होताच ते कामावर परतले. १९४९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य म्हणून निवडले. ६ ऑक्टोबर १९५१ रोजी फिलाडेल्फिया येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेले फ्रिट्झ लिपमान व सेव्हेरो ओचोआ हेही परागंदा होऊन अमेरिकेत आले आणि अनुक्रमे १९५३ व १९५९ साली नोबेलचे मानकरी ठरले. ज्या हायडेलबर्गने मायरहोफ यांना गमावले, तेथील विद्यापीठात आज त्यांच्या नावाचे केंद्र उभे आहे.

आपण मुंबई, पुणे, कुलाबा जिल्हा सोडून दूरदेशी आलो ते बहुतेक आपल्या इच्छेने. मायरहोफ यांना जीव वाचविण्यासाठी निघावे लागले. तरीही नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांस अनुभवाने ठाऊक आहे. घर, हुद्दा, उपकरणे मागे राहिली. विद्या, चिकाटी आणि सत्य स्वीकारण्याची वृत्ती मात्र बरोबर आली आणि तेवढ्या शिदोरीवर त्यांनी पुन्हा उभारणी केली. आपल्या मुलांनी शाळेत हा एम्बडेन-मायरहोफ मार्ग पाठ केला, तर त्या नावामागील माणूसही त्यांना अवश्य सांगावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.