आई मठात, बाप पाद्री आणि मुलगा रोमला : हिप्नोटिझमचा पाया घालणाऱ्या गोव्याच्या आबे फारियाची गोष्ट

१७७१ साल. गोव्याहून पोर्तुगालला निघालेल्या जहाजावर एक बाप आणि त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. लिस्बन गाठायचं आणि तिथून पुढे रोम. जगभरातले कॅथलिक आयुष्यात एकदा तरी जावं म्हणून ज्या शहराची आस धरतात, तेच रोम.

आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या गावातून आई-बाप-लेकरं मिळून पंढरीला जातात आणि मिळूनच परततात. या घराचं तसं झालं नाही. आई मागेच राहिली होती आणि मुलगा परत कधी गोव्याला आलाच नाही.

मुलाचं नाव जुझे कुस्तोदियु दे फारिया. पुढे जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखू लागलं. आबे म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री.

त्याचा जन्म ३१ मे १७५६ चा, बार्देशातल्या कांदोळीचा. वडील कायतानु व्हितोरिनु कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. घराणं सारस्वत ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेलं. कायतानुने आधी पाद्री व्हायचं शिक्षण घेतलं होतं, ते अर्धवट सोडून त्याने लग्न केलं. संसार काही जमला नाही. मग नवरा-बायकोने चर्चच्या परवानगीने वेगळं व्हायचं ठरवलं आणि दोघांनीही धर्माचीच वाट धरली. कायतानु पाद्री झाला. रोझा मारिया जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण म्हणून गेली आणि पुढे त्याच मठाची प्रमुख झाली.

मोडलेल्या संसारातली बाई त्या काळात एवढ्या मोठ्या मठाची प्रमुख होते, ही साधी गोष्ट नाही. फारियाच्या गोष्टीत आईचं नाव एका ओळीत उरकलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता बाप-लेक एवढ्या लांब का निघाले ?

श्रद्धा होतीच, पण महत्त्वाकांक्षाही होती. गोव्यात स्थानिक पाद्री कितीही शिकला तरी वरच्या जागा गोऱ्या पोर्तुगीजांकडेच जायच्या. मुलाला मोठं करायचं तर थेट रोमला न्यायचं, असा कायतानुचा हिशोब होता.

नोव्हेंबर १७७१ मध्ये दोघं लिस्बनला पोहोचले. कायतानुने दरबारात ओळखी काढल्या, राजाची मदत मिळवली आणि रोम गाठलं. तिथे मुलगा धर्मशास्त्र शिकला, १२ मार्च १७८० ला पाद्री झाला, डॉक्टरेटही मिळवली. ज्यासाठी निघाले होते, ते हाती आलं.

परत लिस्बनला आल्यावरचा एक किस्सा गोव्यात आजही सांगतात. राणीसमोर प्रवचन द्यायला जुझे उभा राहिला आणि समोरचे बडे लोक बघून त्याची वाचाच बसली. तेव्हा बापाने हळूच कोंकणीत सांगितलं की समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, काप. पोरगा घडाघडा बोलायला लागला. एका शब्दाने माणसाच्या मनात एवढा फरक पडतो कसा, हा प्रश्न त्याला तिथूनच चिकटला म्हणतात.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव उघडकीला आला. स्थानिकांना डावललं जातं म्हणून चिडलेले पाद्री त्यात पुढे होते आणि त्यातले काही लिस्बनला फारियांना भेटून गेले होते. गोव्यात पंधरा जणांना मृत्युदंड झाला. संशयाची सुई बाप-लेकाकडेही वळली. १७८८ मध्ये जुझेने पॅरिस गाठलं.

तिथे फ्रेंच राज्यक्रांती पेटली. हा पाद्री त्यातही उतरला, १७९५ मध्ये एका तुकडीच्या पुढे होता. पण नाव झालं ते १८१३ पासून, पॅरिसमध्ये लोकांसमोर माणसांना झोपवून दाखवायला लागल्यावर. तेव्हा मेस्मरचा बोलबाला होता. माणसाच्या अंगातून चुंबकासारखा काहीतरी प्रवाह वाहतो, असं त्याचे लोक मानायचे. फारियाने ते साफ नाकारलं. समोरच्याला खुर्चीत शांत बसवायचं, चित्त एकाग्र करायला लावायचं आणि झोपायची आज्ञा द्यायची, बस. प्रवाह वगैरे काही नसतो, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं, असं त्याचं म्हणणं. आजच्या संमोहनशास्त्राचा पाया तो हाच.

त्या काळात मात्र त्याची टिंगल झाली. त्याच्यावर विनोदी नाटक आलं, लोक भोंदू म्हणाले, चर्चवालेही नाराज झाले. शेवटची वर्षं त्याने एका धार्मिक संस्थेत साधा पाद्री म्हणून काढली आणि आपल्या विषयावर पुस्तक लिहिलं. २० सप्टेंबर १८१९ ला तो पॅरिसमध्ये गेला. कबरीवर नावसुद्धा नव्हतं.

नंतर अलेक्झांडर ड्युमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ मध्ये त्याच्याच नावाचा कैदी पाद्री उभा केला. आणि १९४५ मध्ये पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा बसला. खाली कलंडलेली एक बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला पाद्री. कांदोळीचं त्याचं गाव तिथून मांडवी ओलांडली की फार लांब नाही.