खुदाई खिदमतगार : खान अब्दुल गफ्फार खान

वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले की महात्मा गांधी, विनोबा भावे आणि जमनालाल बजाज यांची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. परंतु १९३४ साली याच वर्ध्यात एक उंचापुरा पठाण पाहुणा येऊन राहिला होता, स्वतःच्या प्रांतात पाऊल ठेवण्याची त्याला बंदी होती, आणि येथूनच पोलिसांनी त्याला पुन्हा तुरुंगात नेले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील कित्येक मुस्लिम कुटुंबांनाही ठाऊक नसते. तो पाहुणा म्हणजे खान अब्दुल गफ्फार खान. त्यांचे लोक त्यांना बादशाह खान म्हणत, आपल्याकडे ‘सरहद्द गांधी’ हे नाव रूढ झाले.

या नावामागे प्रेम आहे, तथापि त्यातून एक गैरसमजही रुजला. क्षमा आणि अहिंसा ही त्यांनी गांधीजींकडून उसनी आणलेली वस्तू होती, मुसलमानाच्या घरची नव्हे, असे लोक समजू लागले. जुम्याच्या नमाजनंतर एखादा तरुण थांबतो आणि विचारतो की सब्र म्हणजे दुबळ्या माणसाने लाचारीला दिलेले गोंडस नाव तर नव्हे? अशा वेळी मला हेच चरित्र आठवते. ज्या समाजात प्रत्येकाच्या खांद्यावर बंदूक होती, त्या समाजातील हा माणूस.

सुमारे १८९० साली पेशावरजवळील उतमानझई या गावी त्यांचा जन्म झाला. वडील बहराम खान हे गावातील मोठे जमीनदार. पठाणांत खुनाचा बदला खुनाने घेणे ही कुळाची अब्रू मानली जाई आणि पिढ्यान् पिढ्या वैर चाले. बहराम खानांनी मात्र आपल्या वैऱ्यांना क्षमा करून टाकली होती आणि त्यांचे कोणाशीही वैर उरले नव्हते. आईचा स्वभावही तसाच. ती मोठ्या भांड्यात कालवण शिजवी आणि आसपासच्या गरीब घरांना वाटी. रस्सा करताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याचा वाटा काढावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण हदीसमध्ये वाचतो. ती या घराच्या चुलीवर रोज शिजत होती. पुढे त्या मुलाने जे केले त्याचे मूळ राजकारणात शोधण्यापूर्वी या स्वयंपाकघरात शोधावे, असे मला वाटते.

प्रारंभीचे शिक्षण मशिदीत झाले, नंतर पेशावरच्या मिशन हायस्कूलमध्ये. तेथील मुख्याध्यापक विग्रम साहेब दूर देशातून येऊन पठाण मुलांसाठी खपत होते. परधर्मातील, परदेशातील माणूस आपल्या मुलांसाठी एवढे करतो, मग आपण आपल्या भावंडांसाठी काय करतो, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या मनात घर करून बसला. लष्करात अधिकारी होण्याची संधी चालून आली होती, पण एका इंग्रजाने आपल्या परिचिताचा केलेला अपमान डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी ती नाकारली. विलायतेला जाण्याचा बेत आईच्या अश्रूंमुळे सोडला. विशीत असतानाच, १९१० साली, त्यांनी आपल्या गावात शाळा सुरू केली.

आम्हा मौलवी मंडळींना पुढचा भाग वाचताना संकोच वाटतो. या शाळांना इंग्रज सरकारने विरोध केला, तसाच गावोगावच्या काही मुल्लांनीही केला. मुले तेथे शिकली तर दीन बुडेल, असे ते सांगत. त्याच काळात गफ्फार खानांचा देवबंदच्या थोर उलमांशी, शैखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्याशी संपर्क होता, हेही सांगितले पाहिजे. विद्येचा शत्रू दीन नव्हता, काही माणसांचे भय होते.

१९२१ साली उतमानझईला आझाद शाळा उभी राहिली, तेव्हा सरकारने युक्ती केली. मुख्य आयुक्ताने वृद्ध बहराम खानांना बोलावून मुलाला समज देण्यास सांगितले. इतरांची मुले घरी स्वस्थ बसतात, तुमचाच मुलगा का हिंडतो, असा सूर होता. वडील घरी आले आणि त्यांनी मुलाला शाळा सोडण्याविषयी सुचविले. मुलाने नम्रपणे विचारले की उद्या सगळ्यांनी नमाज सोडली, तर मीही सोडावी असे आपण म्हणाल काय? वडील म्हणाले, कदापि नाही. तेव्हा मुलाने सांगितले की लोकांना शिकविणे हेही मला तसेच कर्तव्य वाटते. बहराम खानांनी मग पुन्हा तो विषय काढला नाही. मुलाला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली, पायांत बेड्या पडल्या, जात्यावर दळण दळावे लागले.

संसारातही आघात चुकले नाहीत. पहिली पत्नी १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. १९२६ साली हजनंतर जेरुसलेमला दुसरी पत्नी जिन्यावरून पडून वारली. त्यानंतर त्यांनी विवाह केला नाही.

१९२९च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना स्थापली. नावातच तिचा अर्थ आहे. अल्लाहला कोणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या निर्मितीची सेवा करणे हीच त्याची सेवा, अशी भावना ठेवून सदस्य शपथ घेत. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जो माझ्यावर जुलूम करील त्याला क्षमा करीन, भाऊबंदकीपासून दूर राहीन, साधे जीवन जगेन आणि दररोज किमान दोन तास लोकसेवेला देईन, असे त्या शपथेत होते. पांढरे कपडे लवकर मळत म्हणून त्यांनी ते विटकरी लाल रंगात रंगविले. पुढे त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. हा मार्ग नवा नाही, मक्केत प्रेषितांनी (स.) तेरा वर्षे हाच मार्ग चोखाळला, आपण तो विसरलो, असे बादशाह खान खेड्याखेड्यांत समजावून सांगत.

त्या शपथेची परीक्षा लवकरच झाली. २३ एप्रिल १९३० रोजी त्यांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. माणसे पडत राहिली, पण जमावाने शस्त्र उचलले नाही. गढवाली पलटणीच्या शिपायांनी तर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यास नकार दिला आणि त्यापायी कठोर शिक्षा भोगल्या. ते शिपाई हिंदू होते आणि समोरचे पठाण मुसलमान, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे. ज्यांच्या घरात बंदुका आहेत, ज्यांना त्या चालविता येतात, त्यांनी हात आवरला. त्याला लाचारी कसे म्हणावे?

१९३१च्या अखेरीस त्यांना पुन्हा पकडून हजारीबागच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ऑगस्ट १९३४ मध्ये सुटका झाली, परंतु सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जाण्यास मनाई होती. घर होते, गाव होते, पण दार बंद होते. त्या वेळी जमनालाल बजाज यांनी त्यांना व त्यांचे बंधू डॉ. खान साहेब यांना वर्ध्याला बोलावले.

येथे मला सीरतमधील एक प्रसंग आठवतो. ताइफमध्ये दगडांचा मारा सोसून प्रेषित (स.) परतले, तेव्हा मक्केचे दार त्यांना बंद होते. मुतइम बिन अदी या सरदाराने त्यांना आपल्या संरक्षणात घेतले आणि आपल्या मुलांना शस्त्रे देऊन काबागृहाजवळ उभे केले. मुतइमने इस्लाम कधीच स्वीकारला नाही. पण बद्रच्या लढाईनंतर कैदी समोर आले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याचीच आठवण काढली. तो हयात असता आणि त्याने या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर आपण त्याच्याखातर सर्वांना सोडून दिले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. उपकार कोणी केला, त्याचा धर्म कोणता, हे न पाहता उपकार स्मरणात ठेवणे ही सुन्नत आहे.

जमनालालजी हे मारवाडी व्यापारी. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. त्यांच्या पाहुणचारात ही पठाण मंडळी राहिली. मुलेही वडिलांजवळ आली, मुलगी मेहरताज वर्ध्याच्या आश्रमात शिकली. गांधीजी त्या वेळी वर्ध्यातच होते, सेवाग्राम अजून वसायचे होते. बादशाह खान आश्रमाच्या सायंप्रार्थनेला शांतपणे बसत आणि स्वतःची नमाज कधी चुकू देत नसत. त्यांनी ती लपविली नाही आणि तिचे प्रदर्शनही केले नाही. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई या बंधूंकडे पाहून इतके भारावले की त्यांनी दोघांवर एक छोटे पुस्तकच लिहिले आणि त्याच्या नावात त्यांना ईश्वराचे सेवक म्हटले. त्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद देऊ केले गेले, ते त्यांनी स्वीकारले नाही. आपण सेवक आहोत, एवढेच त्यांना पुरेसे वाटले.

बंगालमधील गरीब मुस्लिम शेतकऱ्यांच्या खेड्यांत जाऊन राहावे, असे त्यांच्या मनात होते. तत्पूर्वीच, मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल ७ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात त्यांना अटक झाली आणि दोन वर्षांची सजा सुनावली गेली. १९३६ साली सुटल्यावर बंदी कायमच होती, म्हणून ते पुन्हा वर्ध्याकडे आले. स्वतःच्या प्रांतात पाऊल ठेवता आले ते १९३७ मध्ये.

बिहारमध्ये १९४६ साली मुसलमानांची भीषण हत्या झाली. पुढील वर्षी मार्चमध्ये बादशाह खान गांधीजींसोबत त्या जळालेल्या गावांतून फिरत होते. उद्ध्वस्त मुस्लिम कुटुंबांना धीर देत होते आणि हिंदू गावकऱ्यांना त्यांच्या जबाबदारीची जाणीव करून देत होते. सूडाची भाषा त्यांनी तेथेही वापरली नाही. फाळणी त्यांना मान्य नव्हती. ती झाल्यावर त्यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत निष्ठेची शपथ घेतली, तरी १९४८ पासून त्यांच्या वाट्याला पुन्हा तुरुंगच आले. इंग्रजांनी कोंडले आणि स्वधर्मीयांच्या राज्यानेही कोंडले. दुसरे दुःख अधिक खोल असते. त्यांनी मात्र शपथेतील क्षमेचे कलम या बंधूंसाठी वगळले नाही.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ते भारतात आले तेव्हा हातात कपड्यांचे एक गाठोडे होते आणि ते त्यांनी कोणालाही उचलू दिले नाही. अहमदाबादेत नुकत्याच भीषण दंगली झाल्या होत्या. सत्काराच्या दिवसांत हा जवळजवळ ऐंशी वर्षांचा वृद्ध तीन दिवस उपाशी राहिला आणि मग अहमदाबादेच्या पीडितांना भेटायला गेला. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचे निधन झाले. जलालाबादला दफन करावे, अशी त्यांची इच्छा होती. अफगाणिस्तानात त्या वेळी युद्ध पेटलेले होते. अंत्ययात्रेसाठी काही काळ युद्धविराम झाला आणि हजारो लोक खैबर खिंड ओलांडून जनाज्याबरोबर गेले. दफनाच्या दिवशी तेथे बॉम्बस्फोट होऊन काही माणसे प्राणास मुकली. जलालाबादमधील त्यांच्या घराच्या आवारात त्यांची कबर आहे.