कूव्रेच्या शाळेतला लुई

फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात १८०९ साली एका जिनगराच्या घरी लुई ब्रेलचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी खेळताना वडिलांची आरी डोळ्यात घुसली; पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. त्या काळी अशा मुलाच्या नशिबी बहुधा भीकच असे. पण धर्मगुरूंनी शब्द टाकला आणि गावच्या मास्तरांनी त्याला डोळस मुलांच्या वर्गात बसवून घेतले. नुसते ऐकून तो शिकला. १८१९ साली पॅरिसच्या अंधशाळेत गेला आणि पंधराव्या वर्षी त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. १८५२ मध्ये त्याचे निधन झाले. आज मराठीही त्या लिपीत वाचली जाते. लिपी लुईची, पण पहिले दार मास्तरांनी उघडले. आपल्यापैकी जे उद्या शिक्षक होतील, त्यांच्या दारात जूनमध्ये असाच एखादा लुई उभा असेल.