दिनशा पेटिट आणि परळचा जनावरांचा दवाखाना

मुंबई-बेंगळुरू महामार्गालगतच्या ताथवड्यात जनावरांचा विषय निघाला की पूर्वी डोळ्यांसमोर यायचे ते पशुसंवर्धन खात्याचे वळू माता प्रक्षेत्र. आता आजूबाजूला टॉवर उभे राहिले, तसे तळमजल्यावरच्या गाळ्यांत पाळीव प्राण्यांचे दवाखानेही आले. संध्याकाळी तिथल्या बाकावर मांडीवर जाळीची पेटी घेतलेली माणसे बसलेली दिसतात. पेटीत मांजर असेल, तर तक्रार बहुतेक वेळा एकच असते : दोन दिवस झाले, हे काही खात नाही.

मांजराने जेवावे म्हणून डॉक्टर, मदतनीस आणि मालक अशा तिघांनी मनधरणी करायची, हे आजोबांच्या पिढीला हसू आणणारे वाटले असते. आपल्याकडे जनावरांसाठी दवाखाना हवा, ही कल्पनाच फार जुनी नाही. मुंबईत ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांत सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे नाव अगत्याने घ्यावे लागते. ‘पेटिट’ म्हटले की गिरण्या आठवतात, दवाखाना मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

३० जून १८२३ रोजी मुंबईतल्या पारशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. आडनावाची गोष्ट गमतीची आहे. त्यांचे एक पूर्वज सुरतेहून मुंबईला आले आणि फ्रेंच व्यापाऱ्यांची कामे पाहू लागले. बांधा ठेंगणा, म्हणून फ्रेंच त्यांना आपल्या भाषेत ‘लहानगा’ म्हणू लागले, आणि तेच घराण्याचे नाव होऊन बसले. दिनशा सतराव्या वर्षी एका युरोपीय पेढीत महिना पंधरा रुपयांवर कारकून म्हणून लागले. पुढे दलाली, मग सूत आणि कापड. माणेकजी पेटिट गिरणीने त्यांना मुंबईच्या पहिल्या फळीतल्या गिरणीमालकांत नेऊन बसवले. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटला, तेव्हा अनेक मातब्बर सावकार रस्त्यावर आले. दिनशा तगले, आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांच्या गिरण्यांचा विस्तार होत राहिला.

जनावरांच्या प्रश्नाशी मुंबईची गाठ मात्र त्यांच्या लहानपणीच पडली होती. जून १८३२ मध्ये सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारण्याचे काम सुरू झाले, मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळू लागले, आणि पारशी वस्तीत दंगल उसळली. दिनशा तेव्हा नऊ वर्षांचे व्हायचे होते. त्या असंतोषातून १८३४ मध्ये मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. त्यात पुढाकार घेणारे जमशेटजी जीजीभाई हे पुढे बॅरोनेट झालेले पहिले हिंदी गृहस्थ. दुसरे दिनशा पेटिट, १८९० मध्ये. पहिल्याने जनावरांना आसरा दिला, दुसऱ्याने उपचार, आणि हा फरक लहान नाही. पांजरपोळात म्हाताऱ्या बैलाला मरेपर्यंत चारा मिळे. पण त्याचा खूर का कुजला, हे पाहणारा तिथे असेलच असे नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई अक्षरशः जनावरांच्या पाठीवर चालत होती. बंदरातल्या कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून गिरणीत जात. १८७४ मध्ये शहरात ट्राम आली, तीही घोड्यांची. विजेची ट्राम यायला १९०७ उजाडले. त्याच १८७४ साली प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली. जखमी बैलाला जुंपणाऱ्या गाडीवानाला पकडणे सोपे होते, पण तो बैल पाठवायचा कुठे? तो बरा झाला नाही तर गाडीवानाच्या घरची चूल पेटायची कशी? दंडाच्या पावतीत या प्रश्नांचे उत्तर नव्हते. त्यासाठी जागा हवी होती, औषध हवे होते आणि ते देणारा जाणकार हवा होता.

पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात परळला जनावरांचा दवाखाना उभा राहिला. त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव दिले गेले. पुरुषांच्या नावाच्या पाट्यांनी भरलेल्या त्या मुंबईत हेही नोंदवण्यासारखे. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. रोगी आणि विद्यार्थी एकाच अंगणात आले, आणि पुढच्या पिढ्यांना पशुवैद्यक पुस्तकातून नव्हे तर हाताने शिकता आले. पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य. त्यांनी बैल, कुत्रा, मेंढी आणि हत्ती यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिले. १८९१ मध्ये, ऐन उमेदीत, त्यांचे मुंबईतच निधन झाले. या यादीत मांजर दिसत नाही, आणि त्यात नवल नाही. ज्या जनावरावर शेती, सैन्य किंवा वाहतूक अवलंबून, त्याचाच अभ्यास आधी झाला. मांजर कोठारातले उंदीर मारून आपले पोट भरी. त्याच्या जेवणाची काळजी कोण करणार?

उंदरांनीच पुढे त्याची किंमत वाढवली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, माणसे गाव सोडून गेली, गिरण्या ओस पडू लागल्या. वृद्ध दिनशांनी ते दिवसही पाहिले. प्लेग आणि उंदीर यांचा संबंध स्पष्ट झाल्यावर अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये प्लेग रोखायला मांजरे पाळावीत, असे वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. मात्र मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे आज माहीत असल्याने तो सल्ला तसाच्या तसा कोणी देणार नाही.

मांजराचे पोट कसे चालते, हे कळायला त्यानंतर बराच काळ गेला. टॉरिन नावाचा घटक अन्नात कमी पडला तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७० च्या दशकात दिसले. त्याच कमतरतेने हृदय फुगते, हे १९८७ मध्ये. हा घटक मांसात असतो, म्हणून नुसत्या दूधभातावर मांजर नीट जगत नाही. गोड चव ओळखणारे जनुकच त्याच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये कळले. चवीपेक्षा ते वासावर जेवते. म्हणूनच सर्दीने नाक चोंदले की समोरचे आवडते मासेही ते हुंगून सोडते. फ्रिजमधले अन्न अंगाइतके कोमट करून द्यावे, मिशा कडेला घासणार नाहीत अशा पसरट ताटलीत द्यावे आणि नवे अन्न जुन्यात मिसळत आठवडाभरात बदलावे, हे दवाखान्यातले साधे उपाय त्यातूनच आले. तोंडात कोंबणे सर्वांत वाईट. त्या अन्नाचीच मांजराला शिसारी बसते.

आणि याला नखरे समजून थांबू नये. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. दुखरा दात, मूत्रपिंडाचा आजार, ताप अशी कारणे आत दडलेली असतात. चोवीस तास काही खाल्ले नाही की डॉक्टरांना दाखवावे. पिल्लाच्या बाबतीत तेवढेही थांबू नये. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. माणसाला चालणारी ती गोळी मांजराला विष ठरते.

दिनशा पेटिट यांना १८८७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. त्याआधी १८८६ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सदस्य झाले होते. ५ मे १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. मोहम्मद अली जिना यांच्याशी विवाह केलेल्या रतनबाई याच घराण्यातल्या. पेटिट गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. पशुवैद्यक महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. परळचा साकरबाईंच्या नावाचा दवाखाना मात्र अजून चालू आहे. ज्याच्यासाठी तो बांधला तो ट्रामचा घोडा तिथे येत नाही. न जेवणारी मांजरे येतात.