उंबऱ्यापर्यंत आलेली क्रांती

पन्हाळ्याला येणारी पाहुणेमंडळी तीन दरवाजा बघतात, सज्जाकोठी बघतात, झुणका-भाकर खातात आणि गड उतरतात. उत्तरेला वारणेचं खोरं आहे, तिकडे फारसं कुणी बघत नाही. वारणा म्हणजे आमच्या तालुक्याची शीव. स्वातंत्र्यापूर्वी नदीच्या अलीकडे कोल्हापूर संस्थान होतं आणि पलीकडे वाळव्याच्या बाजूला इंग्रजांचा सातारा जिल्हा. त्या पलीकडच्या मुलखात इंग्रज असतानाच क्रांतिसिंह नाना पाटलांनी आपलं सरकार चालवून दाखवलं.

आमच्या बचत गटात एकदा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, स्वातंत्र्य मिळालं म्हणजे खुर्चीवरची माणसं बदलली, पण खालचं काय बदललं? उत्तर शोधताना मला नाना आठवले.

नाना येडेमच्छिंद्रचे. जन्म १९०० चा. शिक्षण बेताचंच, पण तलाठ्याची नोकरी होती. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी ती सोडली. सत्यशोधकी विचार आणि वारकरी वळण दोन्ही अंगात मुरलेलं, त्यामुळे त्यांचं भाषण शेतकऱ्याला घरचं वाटायचं. १९४२ च्या चळवळीत तासगाव, वडूज, इस्लामपूरला मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपुरात गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. गुन्हेगाराच्या तळपायावर फटके मारायची शिक्षा असायची, म्हणून लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले.

आता हे सरकार करायचं काय? गावोगावी न्यायदान मंडळं होती. कोर्टाची पायरी न चढता भांडणं मिटायची. सावकारांनी बळकावलेल्या जमिनी परत द्यायला लावल्या, दारू बंद केली, बायको टाकून देणाऱ्याला जाब विचारला. तुफान सेना हे त्यांचं सैन्य. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, ती चळवळीसाठी आणि गरजूंसाठी. मला सगळ्यात मोठी वाटते ती गांधी लग्नाची पद्धत. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. आज लेकीच्या लग्नासाठी बचत गटातून कर्ज काढणाऱ्या बायका मी बघते, तेव्हा ऐंशी वर्षांपूर्वी हे जमलं होतं यावर विश्वास बसत नाही.

पण क्रांती घरात किती शिरली? नानांची लेक हौसाताई तीन वर्षांची असताना आई गेली, आजीने वाढवलं. सरकारने घर-जमीन जप्त केली. नाना रानोमाळ, आणि हाल आजी-नातीचे. १९४३ मध्ये सतरा वर्षांच्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक सोंग वठवलं. एक साथीदार दारुडा नवरा झाला आणि भर रस्त्यात त्यांना मारू लागला, दगड घालून मारीन म्हणू लागला. मार खराच बसला. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात इतरांनी ठाण्यातल्या चार रायफली पळवल्या. पुढे गोव्यातल्या तुरुंगातून एका साथीदाराला सोडवायच्या कामावरही त्या गेल्या.

हे सोंग पोलिसांना खरं का वाटलं? कारण नवरा बायकोला मारतोय हे रोजचंच दृश्य होतं! पत्री सरकार अशा नवऱ्यांना वठणीवर आणत होतं हे खरं. पण त्या इतिहासात बाई दिसते ती बहुतेक भाकरी बांधून देणारी, निरोप पोचवणारी. ज्या घरांत भूमिगत झोपले, तिथे रात्री-अपरात्री चूल पेटवणाऱ्या बायकांची नावं कुठल्या स्तंभावर नाहीत. पकडल्या गेल्या असत्या तर त्यांचेही हाल व्हायचेच होते. जमिनीचंही तसंच. सावकाराच्या तावडीतून शेत सुटलं, ते ज्याचं होतं त्याला मिळालं. पण ज्याचं मुळात शेतच नव्हतं, तो मजूर मजूरच राहिला. इंग्रजांविरुद्धच्या इतर चळवळींच्या मानाने नानांची चळवळ मुळाशी गेली असं मी म्हणेन. मात्र उंबऱ्यापाशी ती थोडी थबकली.

नानांनाही काम झालं असं वाटलं नसावं. भूमिगत आयुष्य संपवून १९४६ साली ते उघडपणे लोकांसमोर आले, तेव्हा दर्शनाला गर्दी लोटली. त्या लोकप्रियतेवर त्यांना काँग्रेसमध्ये सुखाने सत्ता भोगता आली असती. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढे कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्रासाठी फिरले. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून खासदार झाले, पण राहणी शेतकऱ्याचीच. ६ डिसेंबर १९७६ ला मिरजेत ते गेले आणि अंत्यसंस्कार वाळव्यात झाले. हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ ला गेल्या. म्हातारपणीही त्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर बोलत होत्या, आणि भवानीनगरच्या त्या साथीदाराने जरा जास्तच मारलं, ही तक्रारही करत होत्या.