जंगल खात्यातल्या साहेबाने सायकल शोधली, सरकारने त्याची पेन्शनच काढून घेतली!

ग्रॅव्हल सायकलिंगच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. जाड टायरची सायकल, दोन्ही बाजूंना उंच झाडं, खाली दरीत नदी आणि खडीच्या रस्त्यावर एकही गाडी नाही. यातल्या बऱ्याच रील्स जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या असतात.

याच ब्लॅक फॉरेस्टमध्ये, मुर्ग नदीच्या खोऱ्यातल्या गेर्न्सबाख गावातून 1817च्या उन्हाळ्यात एक माणूस दोन चाकांवर निघाला आणि डोंगर ओलांडून बाडेन-बाडेनला पोहोचला. त्याच्या गाडीला पेडल नव्हतं, चेन नव्हती, रबराचे टायर तर नव्हतेच. जमिनीला पाय मारत मारत तो गेला. विशेष म्हणजे हा माणूस जंगल खात्याचा अधिकारी होता.

त्याचं नाव कार्ल फॉन ड्राइस. आज जग त्याला सायकलचा जनक म्हणतं. त्याच्या हयातीत मात्र लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

ड्राइसचा जन्म 29 एप्रिल 1785चा, कार्लस्रूह शहरातला. त्या वेळी जर्मनी हा एक देश नव्हता, छोटी-मोठी संस्थानं होती. त्यातलं एक बाडेन. ड्राइसचे वडील या संस्थानातले मोठे न्यायाधीश होते आणि घराणं सरदारांचं. मुलगा हायडलबर्ग विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि वास्तुकला शिकला, काकांकडे वनशास्त्राचे धडे घेतले आणि 1810 मध्ये वनाधिकारी झाला. पण नोकरीत त्याचं मन रमलं नाही. लवकरच त्याला पगारी रजा मिळाली आणि तो मानहाइम शहरात जाऊन यंत्रं बनवत बसला.

आधी त्याने चारचाकी बनवली. आत बसलेला माणूस पायाने चाक फिरवणार आणि गाडी घोड्याशिवाय चालणार, अशी कल्पना. 1814 मध्ये नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपातले राजे व्हिएन्नात जमले, तेव्हा हा गडी गाडी घेऊन तिथेही पोहोचला. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

इथे एक लोकप्रिय गोष्ट सांगितली जाते. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या राखेमुळे 1816 मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, घोड्यांना ओट्स मिळेनात, म्हणून ड्राइसने सायकल शोधली. ऐकायला भारी वाटतं. उद्रेक आणि दुष्काळ दोन्ही खरे आहेत. पण त्यांचा सायकलशी जोडलेला संबंध हा ड्राइसचे चरित्रकार हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी मांडलेला तर्क आहे आणि तो सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. घोड्याशिवायच्या गाडीचं वेड त्याला उद्रेकाच्या आधीपासून होतं, हे वर आलंच.

12 जून 1817 रोजी त्याने मानहाइमहून आपली नवी दोनचाकी बाहेर काढली. लाकडी सांगाडा, लोखंडी धाव बसवलेली लाकडी चाकं, वजन साधारण 22 किलो. पुढचं चाक वळवता यायचं आणि मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक होता. श्वेट्झिंगनच्या दिशेने जाणारा रस्ता बाडेनमध्ये सर्वांत चांगला मानला जायचा. त्या रस्त्यावरच्या एका टपाल नाक्यापर्यंत तो गेला आणि परत आला. जाऊन-येऊन 14 किलोमीटरच्या आसपास अंतर, वेळ तासाभराचा.

यात एवढं काय? तर एकामागे एक लावलेल्या दोन चाकांवर माणूस तोल सांभाळू शकतो, हेच तोवर कुणी दाखवलं नव्हतं. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळवायचं, की ती पुन्हा सावरते. सायकल शिकताना आपण सगळे हेच शिकतो. हल्ली लहान मुलांना बिनपेडलची बॅलन्स बाईक देतात ना, ती म्हणजे जवळपास ड्राइसचीच गाडी.

जानेवारी 1818 मध्ये बाडेनच्या ग्रँड ड्यूकने त्याला दहा वर्षांचा हक्क दिला. प्रोफेसरची पदवीही दिली आणि पगार पेन्शन म्हणून चालू ठेवला. पण बाडेनचा हुकूम बाडेनपुरता. लंडनमध्ये डेनिस जॉन्सनने सुधारलेली आवृत्ती काढून त्याच वर्षी स्वतःचं पेटंट घेतलं. श्रीमंत तरुणांमध्ये या गाडीची क्रेझ आली, ड्राइसच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही.

खरा घात केला रस्त्यांनी. घोडागाड्यांच्या चाकांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पडलेल्या असायच्या, त्यात दोन चाकांवर तोल राहणार कसा? मग हे चालक गुळगुळीत फुटपाथवर चढले. पायी चालणाऱ्यांना धक्के बसू लागले आणि बंदी आली. पहिली बंदी 1817च्या डिसेंबरमध्ये खुद्द मानहाइममध्येच, नंतर मिलान, लंडन, न्यूयॉर्क. 1820 मध्ये तर आपल्या कोलकात्यातही. रस्ता घोड्यांचा, फुटपाथ पादचाऱ्यांचा. या गाडीला शहरात जागाच उरली नाही आणि काही वर्षांत ती मागे पडली. पेडल यायला 1860चं दशक उजाडलं.

त्यात राजकारण आडवं आलं. 1819 मध्ये कार्ल झांड नावाच्या विद्यार्थ्याने मानहाइममध्ये नाटककार कोत्सेबू यांचा खून केला. झांड अनेक तरुणांचा हिरो होता. दयेचा प्रश्न आला तेव्हा ड्राइसच्या वडिलांनी फाशीच्या विरोधात भूमिका घेतली नाही आणि 1820 मध्ये झांडचं डोकं उडवण्यात आलं. वडिलांवरचा राग मुलावर निघू लागला. 1822 मध्ये ड्राइस थेट ब्राझीलला गेला, तिथे भूमापनाचं काम केलं आणि 1827 मध्ये परतला.

डोकं मात्र थांबलं नव्हतं. त्याने कळा असलेलं टंकयंत्र बनवलं, कागदाच्या पट्टीवर लघुलेखन करणारं यंत्र बनवलं, लाकूड वाचवणारी चूल बनवली. रुळांवर चालणारी माणूसबळाची गाडीही केली. अशा रेल्वे गाडीला युरोपात आजही ड्राइसिन म्हणतात. 1840च्या आसपास काही वर्षं तो ओडनवाल्डच्या डोंगरात, वाल्डकाट्सेनबाख नावाच्या जंगलातल्या गावी राहिला. दारुडा, विक्षिप्त अशी त्याची प्रतिमा तोवर पक्की झाली होती.

1849 मध्ये बाडेनमध्ये प्रजासत्ताकाची क्रांती झाली. ड्राइसने आपली सरदारकी जाहीरपणे सोडली आणि यापुढे आपण साधे नागरिक आहोत असं सांगितलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत धाडसाचं पाऊल, पण सायकलच्या गोष्टीत ते सहसा गाळलं जातं. प्रशियाच्या सैन्याने क्रांती चिरडली. ड्राइसला वेडा ठरवून कोंडण्याचे प्रयत्न झाले आणि क्रांतीच्या खर्चाची भरपाई म्हणून त्याची पेन्शन काढून घेतली. 10 डिसेंबर 1851 रोजी कार्लस्रूहमध्ये तो कफल्लक अवस्थेत गेला.

तो राहत होता तिथून दोन गल्ल्यांवर सात वर्षांचा एक मुलगा वाढत होता, कार्ल बेन्झ. पुढे 1886 मध्ये याच बेन्झची मोटारगाडी मानहाइमच्या रस्त्यावर धावली. ज्या ट्रॅफिकला कंटाळून आजचे सायकलवाले जंगलात पळतात, त्याची सुरुवातही ड्राइसच्याच शहरात झाली.

1890च्या दशकात जर्मन सायकलस्वारांनी पुढाकार घेऊन कार्लस्रूहमध्ये त्याचं स्मारक उभारलं.

मुर्गच्या खोऱ्यात आता फ्रॉइडनश्टाटपासून राश्टाटपर्यंत नदीच्या सोबतीने जाणारा सायकल मार्ग आहे आणि तो गेर्न्सबाखवरून जातो. आजूबाजूच्या जंगलात लाकूड वाहून नेण्यासाठी केलेले खडीचे रस्ते आहेत, ग्रॅव्हलवाल्यांचा खरा अड्डा तोच. पण या राज्याच्या वन कायद्यानुसार दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला आजही बंदी आहे. सायकल संघटना हा नियम काढा म्हणून कधीपासून मागे लागल्यात. तोवर एखाद्या वाटेला सूट हवी असेल, तर ती द्यायचा अधिकार जंगल खात्याकडे आहे.