सर फिरोजशहा मेहता

घरोघरी नळ वाहतो तो ज्यांच्या दूरदृष्टीमुळे, त्यांत सर फिरोजशहांची गणना आम्ही आदराने करतो. ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. पुढे म्युनिसिपालिटीच्या खर्चाने व करांनी घरमालक संतप्त झाले. तेव्हा, १८७१ साली, या तरुणाने लोकांचा रोष पत्करून प्रतिपादिले की, कमिशनरचे पद मोडणे हा उपाय नव्हे. करदात्यांनी निवडलेल्या सभासदांचा त्यावर अंकुश हवा.

१८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा घडविण्यात काशिनाथ त्रिंबक तेलंगांसमवेत त्यांचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने पाणीपट्टी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर बसली. वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहावा हिस्सा वजा करून ते मूल्य ठरे. भागात पुरेसे पाणी आल्याची जाहीर सूचना निघाली की, नळ न जोडलेल्या घरासही पट्टी लागे. अशा रीतीने नव्या नळांचा भार सर्व मालमत्तांवर वाटला गेला. १८९२ साली तानसाचे पाणी शहरात आले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते निवर्तले. पट्टीचे बिल पाहून कपाळास आठी घालणाऱ्या आम्हां गृहस्थांस त्यांचे चरित्र एवढेच शिकविते की, कर भरणाऱ्याने हिशेबही मागावा आणि मतही द्यावे.